ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा: ब्रिटनमधली पटकी खरोखर कशामुळे हटली?

अभ्यासिका:

नमस्कार. सार्वजनिक आरोग्याचा इतिहास सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी नकाशावर मृत्यूंच्या खुणा केल्या, त्या सगळ्या खुणांच्या मधोमध ब्रॉड स्ट्रीटवरचा सार्वजनिक पंप असल्याचे त्यांना दिसले, त्यांनी त्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. मी स्वतः विद्यार्थ्यांना ही गोष्ट अनेक वर्षे अशीच सांगत आले आहे.

अलीकडे या विषयात थोडे खोलवर वाचन झाले, तेव्हा मनात बऱ्याच शंका उभ्या राहिल्या. ८ सप्टेंबरला दांडा काढला गेला तोवर रोजच्या मृत्यूंचा आकडा उतरू लागला होता आणि बरीचशी वस्ती भीतीने घरे सोडून गेली होती. तो प्रसिद्ध नकाशा साथ ओसरल्यानंतर तयार झाला. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने स्नो यांचे म्हणणे स्वीकारले नाही. पुढे चार वर्षांनी लंडनच्या गटारांसाठी पार्लमेंटने पैसा मंजूर केला, तोही थेम्सच्या दुर्गंधीने सभागृहात बसणे अशक्य झाले म्हणून, आणि तो मंजूर करणाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूत अशी होती की रोग दुर्गंधीतूनच पसरतो.

मग स्नो यांच्या कामाचे मोल नेमके किती मानावे? दुसरी शंका याहून मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील मृत्यूचे प्रमाण हळूहळू उतरत गेले, आणि त्या काळात डॉक्टरांच्या हाती रोग बरा करणारी औषधे जवळपास नव्हतीच. असे असेल तर या सुधारणेचे श्रेय वैद्यकशास्त्राला कितपत देता येईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. वर्गात चुकीची गोष्ट सांगत राहणे मला योग्य वाटत नाही.

नदीकाठ:

आपली शंका रास्त आहे, पण दांड्याची गोष्ट सैल निघाली म्हणून स्नो यांचे काम सैल ठरत नाही. त्यांचा खरा पुरावा सोहोमध्ये नाही, तो थेम्सच्या दक्षिण तीरावर आहे.

आधी एक दुरुस्ती. स्नो नकाशा पाहून निष्कर्षापर्यंत आले, हे खरे नाही. पटकी पाण्यावाटे पसरते हे मत त्यांनी १८४९ मध्येच छापून प्रसिद्ध केले होते. ते भूल देण्याच्या शास्त्राचे त्या काळातील अग्रगण्य जाणकार होते. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर ते हेच. वायू हवेत कसा पसरतो आणि अंतरागणिक कसा विरळ होतो, याचा त्यांचा रोजचा अनुभव होता, त्यामुळे दूषित हवेने दूरदूरची माणसे आजारी पडतात ही समजूत त्यांना पटण्यासारखी नव्हती. शिवाय पटकीची पहिली लक्षणे फुप्फुसात दिसत नाहीत, आतड्यात दिसतात. अर्थात विष गिळले जात असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

सोहोतील मृत्यूंपेक्षा तेथील अपवाद मला अधिक बोलके वाटतात. पंपाजवळच्या पोलंड स्ट्रीटवरील वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या जागेत, ५३५ माणसे राहत होती आणि चहूबाजूंनी माणसे मरत असताना तेथे केवळ पाच मृत्यू झाले, कारण त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यातील सुमारे ७० कामगारांपैकी कोणीही दगावले नाही. त्यांना कारखान्यातून बिअर मिळे आणि ते पंपाच्या वाटेला जात नसत. याउलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा पटकीने गेली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडत असे, म्हणून ती ते मुद्दाम तेथून मागवीत होती.

दांडा काढण्याआधीच साथ ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते कोणी पुढे उघडकीस आणलेले रहस्य नव्हे. मात्र या कथेला एक पुरवणी आहे, ती आपण वर्गात अवश्य सांगावी. तेथील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे मत मुळीच पटलेले नव्हते आणि ते खोडून काढण्यासाठीच त्यांनी घरोघरी चौकशी सुरू केली. महिनोन्महिने चौकशी करून ते उलट स्नो यांच्याच बाजूला आले. पंपाशेजारच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आरंभी जुलाबाने आजारी पडले होते आणि त्याची दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले जात होते, हे त्यांनीच शोधले. खणून पाहिले तेव्हा खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या आढळल्या आणि खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. त्या मुलाचा बाप ८ सप्टेंबरलाच पटकीने आजारी पडला आणि पुढे वारला. म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी त्या खड्ड्यात विष पुन्हा पडू लागले होते. पहिली साथ दांड्यामुळे थांबली नसेल, पण दुसरी त्यामुळे टळली असण्याचा संभव मोठा आहे.

आता दक्षिण लंडनविषयी. तेथे साउथवर्क अँड वॉक्सहॉल आणि लँबेथ या दोन कंपन्या पाणी पुरवीत आणि अनेक रस्त्यांवर दोघींचे नळ शेजारीशेजारी गेलेले होते. एका घरात एका कंपनीचे पाणी, तर पलीकडच्या घरात दुसरीचे. घर, उत्पन्न, धंदा, हवा हे सगळे मात्र सारखेच. १८४९ च्या साथीत दोन्ही कंपन्या शहरातील घाण मिसळलेले थेम्सचे पाणी देत होत्या. १८५२ मध्ये लँबेथ कंपनीने पाणी उचलण्याची जागा वरच्या अंगाला थेम्स डिटन येथे नेली. दुसरी जिथल्या तिथे राहिली. अशा रीतीने सुमारे तीन लाख माणसांवर एक प्रयोग आपोआप घडून आला, आणि तो ओळखण्याची दृष्टी स्नो यांच्यापाशी होती. ते दारोदार हिंडले. आपल्याकडे पाणी कोणत्या कंपनीचे येते हे भाडेकऱ्यांना पुष्कळदा ठाऊकच नसे, तेव्हा त्यांनी पाण्यातील मिठाचे प्रमाण रासायनिक कसोटीने तपासून कंपनी ओळखली, कारण समुद्राच्या भरतीचा परिणाम होणाऱ्या भागातले पाणी बरेच अधिक खारट होते. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले, आणि लँबेथच्या दर १०,००० घरांमागे ३७.

हे सगळे शक्य झाले ते एका सरकारी कचेरीमुळे. इंग्लंड व वेल्समध्ये १८३७ पासून जन्ममृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली होती, आणि त्या कचेरीत विल्यम फार हे मृत्यूंची कारणे विलक्षण चिकाटीने वर्गवार मांडीत होते. फार यांचे मत त्या वेळी स्नो यांच्या विरोधात होते. तरीही मृतांचे पत्ते त्यांनीच स्नो यांना पुरवले आणि दक्षिण लंडनमधील नोंदणी अधिकाऱ्यांना मृताच्या घरचे पाणी कोठून येते हे लिहून घेण्यास सांगितले. मतभेद असतानाही आकडे मोकळेपणाने देणारा हा माणूस मला स्नो यांच्याइतकाच मोठा वाटतो.

पानगळ:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी आपल्या दुसऱ्या शंकेकडे वळतो, कारण माझ्या मते खरा गुंता तेथेच आहे. रोग कशाने होतो हे कळणे आणि शहराने त्यासाठी पैसा मोजणे यांत ब्रिटनमध्ये कित्येक दशकांचे अंतर पडले.

सरकारी अधिकारी एडविन चॅडविक यांनी कष्टकरी लोकांच्या आरोग्यस्थितीवरचा आपला अहवाल १८४२ मध्ये सादर केला. त्यातील आकडे आजही अंगावर येतात: मँचेस्टरमधील मजूर कुटुंबांत मृत्यूसमयीचे सरासरी वय १७ वर्षे, तर रटलंड या ग्रामीण परगण्यातील मजूर कुटुंबांत ३८. (मृत्यूसमयीचे सरासरी वय हे मोजमाप सदोष आहे, कारण जेथे लहान मुलांची संख्या मोठी तेथे ते आपोआप खाली येते, परंतु त्या तफावतीतील मुख्य सत्य त्यामुळे पुसले जात नाही.) चॅडविक दुर्गंधीच्या सिद्धान्ताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांचा उपाय, म्हणजे नळाचे पाणी आणि वाहती गटारे, योग्य होता. त्यामागचे कारण मात्र चुकीचे होते. त्या चुकीची किंमतही लोकांना मोजावी लागली. वस्तीतील घाण लवकर दूर करायची एवढेच ध्येय ठेवल्याने १८४८-४९ मध्ये लंडनची गटारे थेम्समध्ये धुऊन काढली गेली आणि त्याच नदीचे पाणी कंपन्या घरोघरी पुरवीत राहिल्या. त्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे पटकीने मेली. म्हणून 'कारण चुकले तरी काम बरोबर झाले' असे जे म्हटले जाते ते मला अर्धेच मान्य आहे.

१८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा बराचसा ऐच्छिक होता. एखाद्या गावात मृत्यूचे प्रमाण हजारी २३ च्या वर गेले तर तेथे आरोग्य मंडळ नेमण्याची सक्ती करता येई; अन्यथा एक दशांश करदात्यांनी अर्ज केल्याशिवाय काही घडत नसे. हे करदाते कोण होते? छोटे दुकानदार आणि भाड्याने खोल्या देणारे घरमालक. गटाराचा खर्च त्यांच्या खिशातून जाणार आणि लाभ भाडेकऱ्यांना होणार, तेव्हा त्यांचा विरोध समजण्यासारखा असला तरी त्यापायी मुले मरत होती. चॅडविक यांना १८५४ मध्ये मध्यवर्ती आरोग्य मंडळातून जावे लागले आणि ते मंडळही १८५८ मध्ये बरखास्त झाले.

त्याच १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची असह्य दुर्गंधी पसरली आणि महानगर बांधकाम मंडळाला ३० लाख पौंडांचे कर्ज काढण्याची परवानगी मिळाली. मंडळाचे अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी उताराने वाहणारी, नदीला समांतर अशी ८२ मैलांची मुख्य गटारे बांधून मैला शहराच्या पूर्वेला दूरवर नेला आणि ओहोटीच्या वेळी नदीत सोडण्याची सोय केली. मात्र लंडन हा अपवाद होता, कारण तेथे पार्लमेंटच नदीकाठी बसत असे. इतर औद्योगिक शहरांत पालट झाला तो १८६७ मध्ये शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मताधिकार मिळाल्यानंतर. १८७२ पासून प्रत्येक स्थानिक संस्थेला आरोग्य अधिकारी नेमणे बंधनकारक झाले (लिव्हरपूलने डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना १८४७ मध्येच नेमले होते, हे त्या शहराच्या लौकिकात भर घालणारे आहे) आणि १८७५ च्या कायद्याने विखुरलेल्या तरतुदी एकत्र आणल्या. बर्मिंगहॅममध्ये जोसेफ चेंबरलेन महापौर असताना महापालिकेने आधी गॅस आणि मग पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून विकत घेतला. गॅसचा नफा शहरासाठी वापरावा, पण पाण्यातून नफा काढू नये, असे त्यांचे धोरण होते.

आता श्रेयाचा प्रश्न. थॉमस मॅकीऑन या वैद्यकीय अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे मांडले की क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचे औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते, म्हणून श्रेय औषधांना देता येत नाही, ते सुधारलेल्या आहाराला द्यावे लागते. १९८८ मध्ये सायमन श्रेटर या इतिहासकाराने त्याला उत्तर दिले की आहार आपोआप सुधारला तरी पाणी आणि घरे आपोआप सुधारत नाहीत. त्यासाठी नगरपालिकांत भांडावे लागते, कर्ज काढावे लागते, निरीक्षक नेमावे लागतात. अर्भकमृत्यूचे आकडे पाहिले की मला श्रेटर यांचे म्हणणे अधिक पटते. सारे एकोणिसावे शतक संपेपर्यंत इंग्लंड व वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे १५० बालके वर्षाच्या आत मरत होती. आहार सुधारत असतानाही हा आकडा हलला नाही. तो १९०० नंतर वेगाने उतरू लागला आणि १९५० पर्यंत ३० च्या आसपास आला.

निदान:

मी पेशाने डॉक्टर आहे, त्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला असेल हे उघड आहे. तरीही दोन्ही प्रतिसाद वाचून वैद्यकाच्या वाट्याला फारच थोडे आले असे वाटले, म्हणून लिहितो.

देवीचा रोग घ्या. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये बर्कली या गावी आठ वर्षांच्या मुलाला गायींच्या देवीची लस टोचली, तेव्हा गटारे नव्हती आणि जंतुशास्त्रही नव्हते. १८५३ पासून अर्भकांना लस टोचणे सक्तीचे झाले. सक्तीविरुद्ध लेस्टरसारख्या शहरांत मोठे आंदोलन उभे राहिले आणि १८९८ मध्ये सद्सद्विवेकाच्या कारणावरून सूट देणारी तरतूद करावी लागली. लेस्टरने लसीऐवजी रुग्ण तत्काळ कळवणे, त्याला वेगळे ठेवणे आणि संपर्कातील माणसांवर देखरेख करणे यांवर भर दिला. मी लसीच्या बाजूचा असूनही लेस्टरची ही पद्धत विचारपूर्वक आखलेली होती, हे मान्य करतो.

शस्त्रक्रियेचेही तसेच. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकाची पट्टी बांधली. हाड मोडून कातडी फाटलेल्या अशा जखमेत पाय कापणे हाच त्या वेळचा रूढ उपाय होता. त्या मुलाचा पाय वाचला. लिस्टर यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार पद्धत बदलण्यापूर्वीच्या अवयव कापण्याच्या ३५ शस्त्रक्रियांत १६ रुग्ण दगावले होते, नंतरच्या ४० मध्ये सहा.

माझा खरा मुद्दा मातामृत्यूंचा आहे. गटारे आली, नळ आले, आहार सुधारला, अर्भकमृत्यूही घटू लागले. तरी इंग्लंड व वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून थेट १९३५ पर्यंत दर हजार बाळंतपणांमागे चार ते पाच स्त्रिया मरत राहिल्या. बाळंतरोग, म्हणजे बाळंतिणीला जंतुसंसर्गाने येणारा ताप, डॉक्टर आणि सुईणी यांच्याच हातांनी एका बाईकडून दुसरीकडे जातो, हे ॲबरडीनचे डॉ. अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये नावानिशी पुरावे देऊन लिहिले होते. त्यांच्यावर गावाचा एवढा रोष ओढवला की त्यांना तेथून जावे लागले. आमच्या पेशाने हे सत्य स्वीकारायला लावलेला विलंब मला आजही सलतो. मातामृत्यूंचा आकडा कोसळला तो जंतुसंसर्गावरची सल्फा औषधे आल्यावर. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी १९३६ मध्ये त्यांचे परिणाम प्रसिद्ध केले, पुढे पेनिसिलिन आणि रक्तपुरवठ्याची सोय आली, आणि १९५० पर्यंत मातामृत्यू हजारी एकच्या खाली आले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला होता, पण त्याच्या बायकोला व मुलांना मिळाला नव्हता. तो ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर मिळाला.

घटसर्पाचे (डिप्थीरियाचे) उदाहरण देऊन थांबतो. १९४० मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये ४६,००० हून अधिक रुग्ण आणि सुमारे २,५०० मृत्यू होते. देशव्यापी लसीकरणानंतर १९५७ मध्ये रुग्ण ३७ आणि मृत्यू सहा.

अभ्यासिका:

सर्वांचे मनापासून आभार. मातामृत्यूंचा मुद्दा माझ्या डोळ्यांसमोर कधीच आला नव्हता. एवढेच विचारते की स्नो यांचे म्हणणे अखेरीस कधी मान्य झाले? जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांनी पटकीचा जंतू दाखवीपर्यंत थांबावे लागले का?

नदीकाठ:

नाही, ब्रिटनमध्ये ते त्याआधीच बऱ्याच अंशी मान्य झाले. स्नो १८५८ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी वारले. १८६६ मध्ये पटकी पुन्हा लंडनला आली, पण या वेळी ती जवळपास सगळी पूर्व भागात एकवटली होती, जेथे बॅझलजेट यांची गटारे अजून जोडली गेली नव्हती. तेव्हा फार यांनी मृत्यूंचे तक्ते पाण्याच्या कंपन्यांनुसार मांडले आणि बोट सरळ ईस्ट लंडन वॉटर कंपनीवर गेले. ओल्ड फोर्ड येथील उघड्या तळ्यांतील न गाळलेले पाणी नळांत सोडले जात असल्याचे कंपनीने आधी नाकारले. परंतु नळातून ईल मासे आल्याच्या ग्राहकांच्या तक्रारी होत्या, आणि गाळलेल्या पाण्यातून मासा येणे शक्य नव्हते. पाणी उकळून पिण्याच्या सूचना त्याच साथीत दिल्या गेल्या. एके काळी पटकीचा संबंध जमिनीच्या उंचीशी जोडणाऱ्या फार यांनी आपल्या अहवालात पाण्याचे कारण स्वीकारले. कॉक यांचे संशोधन त्यानंतर सतराअठरा वर्षांनी आले.

१८६६ नंतर ब्रिटनमध्ये पटकीची मोठी साथ आली नाही. १८९२ मध्ये हँबर्गला आठ हजारांहून अधिक माणसे मेली आणि तेथून जहाजे ब्रिटिश बंदरांत येतच होती. बंदरांवरचे आरोग्य अधिकारी प्रत्येक जहाज तपासत, आजारी माणसाला रुग्णालयात हलवत आणि बाकीच्या प्रवाशांचे पत्ते लिहून घेऊन ते जेथे जाणार असतील तेथील आरोग्य अधिकाऱ्याला कळवत. तुरळक रुग्ण आले, पण रोग गावांत पसरला नाही.